व्हाइट-नेक्ड जेकोबिन कसा ओळखायचा: हमिंगबर्ड पहिल्यांदाच बघायला निघालेल्यांसाठी

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करू, म्हणजे पुढचा गोंधळ वाचेल. भारतात हमिंगबर्ड नाही. एकही जात नाही. फॅमिली ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी काका "आमच्या गॅलरीत हमिंगबर्ड आला" म्हणून व्हिडिओ टाकतात ना, तो एकतर जास्वंदीच्या फांदीला धरून मध पिणारा शिंजीर असतो, नाहीतर सदाफुलीवर भिरभिरणारा हॉक मॉथ, म्हणजे चक्क पतंग, नीट झूम केलं तर त्याच्या डोक्यावर दोन मिशा दिसतात आणि चोचीच्या जागी गुंडाळता येणारी सोंड असते. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आणि आजूबाजूच्या बेटांवर, अलास्कापासून पार दक्षिण टोकाच्या टिएरा डेल फ्युगोपर्यंत, साधारण ३६० जाती, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या उष्ण पट्ट्यात.

आता न्यू जर्सी, बॉस्टनकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना हमिंगबर्ड नवीन नसतो, बॅकयार्डात लाल फीडर, म्हणजे साखरपाण्याचं भांडं, लावला की रुबी-थ्रोटेड येतो, आणि तो ओळखायला काही करावं लागत नाही कारण अमेरिकेच्या पूर्व भागात घरटं करणारा तेवढा एकच आहे. पण हीच मंडळी सुट्टीत कोस्टा रिका, पनामा किंवा त्रिनिदादला गेली की एका फीडरवर सात-आठ जाती एकदम घोंगावतात आणि मग डोकं आउट. गाइड भराभर नावं सांगत असतो, आपण "हो हो" करत असतो, आणि रूमवर येऊन फोटो बघितले की सगळे हिरवे.

म्हणून माझा सल्ला असा की सगळे शिकायच्या फंदात पडू नका, एक पक्का करा. आणि तो एक म्हणून मी व्हाइट-नेक्ड जेकोबिन घ्यायला सांगेन. शास्त्रीय नाव फ्लोरिसुगा मेलिव्होरा. मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून मध्य अमेरिका, मग कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया, ब्राझील आणि त्रिनिदाद-टोबॅगो, इतका पसारा आहे त्याचा, त्यामुळे तुम्ही या पट्ट्यात कुठेही सखल भागातल्या जंगलात गेलात तरी तो भेटायचे चान्सेस चांगले. फीडरवर बिनधास्त येतो, साइजने बऱ्यापैकी आहे, आणि नराचे कपडे असे की एकदा बघितला की विसरत नाही. मादीचं मात्र वेगळं प्रकरण आहे, त्यावर खाली बरंच लिहिलंय.

स्टेप १: जागा निवडा

हा दाट अंधाऱ्या जंगलाच्या तळात फिरणारा पक्षी नाही, तिथे हर्मिट नावाचे तपकिरी, लांब वाकड्या चोचीचे हमिंगबर्ड असतात. जेकोबिन वरच्या मजल्यावरचा. झाडांचे शेंडे, जंगलाची कड, कॉफी-कोकोच्या जुन्या बागा, नदीवरची मोकळी जागा, अशा ठिकाणी. उंची साधारण ९०० मीटरपर्यंत, कधीमधी त्याच्याही वर भटकतो, पण ढगातल्या थंड जंगलात जाऊन याला शोधू नका, तिथे दुसरी मंडळी आहेत.

शेंड्यावर राहतो म्हणजे मान दुखेपर्यंत वर बघायचं का, तर नाही, दोन सोपे उपाय आहेत. एक म्हणजे उंचावरून बघायचं. पनामात सोबेरानिया नॅशनल पार्कमध्ये कॅनोपी टॉवर म्हणून जागा आहे, अमेरिकन लष्कराचा जुना रडार टॉवर होता, आता लॉज आहे, तिथे उभं राहिलं की झाडांचे शेंडे तुमच्या डोळ्यासमोर येतात. दुसरा उपाय म्हणजे पक्ष्यालाच खाली बोलवायचं, म्हणजे फीडर किंवा हेलिकोनियाची बाग. पनामात गांबोआ आणि पाइपलाइन रोडचा परिसर, कोस्टा रिकात कॅरिबियन बाजूच्या सारापिकी भागातले लॉज, इक्वेडोरमध्ये मिंदोच्या खालच्या बाजूचे पट्टे, ही सगळी नवशिक्यांसाठी मस्त ठिकाणं.

त्रिनिदादबद्दल थोडं जास्त लिहितो कारण मला ते बेट आवडतं आणि मराठी माणसाला पोर्ट ऑफ स्पेन हे नाव गावसकरांमुळे आधीच माहीत असतं, १९७१ साली त्यांनी पहिली टेस्ट तिथे खेळली आणि आपण ती जिंकलो. देशाच्या राजचिन्हावरच दोन हमिंगबर्ड आहेत, यावरून काय ते समजा. उत्तरेच्या डोंगररांगेत अरिमा व्हॅलीत आसा राइट नेचर सेंटर आहे, जुनी कोको-कॉफीची इस्टेट, १९६७ साली निसर्ग केंद्र झालं, त्याचा व्हरांडा पक्षी बघणाऱ्यांमध्ये जगप्रसिद्ध. जायच्या आधी चालू आहे का, बुकिंग लागतं का ते विचारून घ्या, कोविडमध्ये ते बंद पडलं होतं. सकाळी अरिमात गाडी थांबवून डबल्स खायचे, म्हणजे दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांच्या मधे छोल्यांसारखा चना, चिंचेची चटणी, आणि मग घाट चढायचा.

त्रिनिदादमध्ये कोकोच्या झाडांना सावली म्हणून इमॉर्टेल नावाचं झाड लावायचे, आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातलं, एरिथ्रिना. कोरड्या सीझनमध्ये, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला, ते पानं गाळून केशरी फुलांनी भरतं आणि त्या वेळी जेकोबिन फीडर सोडून त्या फुलांवर असतो. म्हणजे फीडरवर दिसला नाही तर गाइडला "इथे फुललेला इमॉर्टेल कुठाय" असं विचारा. नंतर मला दुवा द्याल.

जाता जाता एक कामाची गोष्ट जी पक्ष्यांच्या लेखात कुणी लिहीत नाही. पनामा, त्रिनिदाद, इक्वेडोर, पेरू, ब्राझील हे सगळे देश भारताच्या यलो फिव्हरच्या यादीत आहेत. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं सर्टिफिकेट नसेल तर विमानतळावरून थेट क्वारंटाइन. लस प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्यावी लागते, सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि एकदा घेतली की सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतं. बायनॉक्युलरच्या आधी हे करा.

स्टेप २: सामान

८ बाय ४२ ची बायनॉक्युलर पुरे. घेताना फक्त एवढं बघा की ती अगदी जवळचं, दोन मीटरच्या आसपासचं फोकस करते की नाही, कारण फीडरपाशी पक्षी इतक्या जवळ येतो की महागडी दुर्बीणसुद्धा धूसर दाखवते आणि आपण येड्यासारखे मागे मागे सरकत राहतो. मोठा कॅमेरा असेल तर न्या, नसेल तर रडू नका, मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओ या कामाला फोटोपेक्षा भारी आहे. शेपटी अर्ध्या सेकंदासाठी उघडते आणि मिटते, फोटोत ती हुकते, स्लो-मोमध्ये सापडते. पक्षी ओळखायचं मर्लिन ॲप टाका, त्या देशाचा पॅक घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करा, जंगलात रेंज नसते. आवाजावरून ओळखायचं फीचर मात्र इथे फारसं कामाचं नाही, जेकोबिनचा आवाज म्हणजे बारीक उंच "त्सिट त्सिट", त्यावर भरवसा नको.

स्टेप ३: रंग विसरा

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे, की हमिंगबर्डचा चमकणारा रंग बघू नका, पांढरा कुठे आहे ते बघा.

कारण असं की हमिंगबर्डच्या पिसातला निळा-हिरवा हा रंगद्रव्याचा रंग नाही. पिसाच्या आत अतिशय पातळ, चपट्या, आत हवा असलेल्या थरांची रचना असते, प्रकाश त्यावरून परावर्तित होतो आणि कुठल्या कोनातून बघताय त्यावर रंग ठरतो. त्यामुळे तोच जेकोबिन ऊन तुमच्या पाठीमागून असेल तर डोक्यावर झगझगीत निळा, त्याने मान वळवली की शाई-काळा, ढग आला की नुसताच काळपट. पाठीचा हिरवा कधी पोपटी, कधी तपकिरी-सोनेरी. नवीन माणूस इथेच फसतो, वहीत "काळ्या डोक्याचा" लिहितो आणि मग पुस्तकात काळ्या डोक्याचा शोधत बसतो, सापडत नाही.

पांढरा तसा नाही. पांढरा सावलीत पांढरा, उन्हात पांढरा, फार तर जरा मळका दिसेल. आणि जेकोबिनच्या बाबतीत नशीब असं की पांढऱ्याच्या जागाच त्याची खरी ओळख आहेत.

स्टेप ४: नर, म्हणजे नरासारखा दिसणारा पक्षी

हे "नरासारखा दिसणारा" मी मुद्दाम लिहिलंय, कारण पुढे येतंय.

साइज आधी. लांबी ११ ते १२ सेंटिमीटर, वजन साधारण ७ ग्रॅम. आपला जांभळा शिंजीर दहा सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यापेक्षा हा किंचित मोठा आणि अंगाने भरलेला. हमिंगबर्डमध्ये हा मध्यम-मोठ्या गटात मोडतो, फीडरवर कॉपर-रम्प्ड किंवा रुफस-टेल्ड हमिंगबर्ड शेजारी बसला की फरक लगेच कळतो. चोच काळी, मध्यम लांबीची, जवळजवळ सरळ. चोच लांब आणि विळ्यासारखी वाकलेली असेल तर तिथेच थांबा, तो जेकोबिन नाही.

आता तीन पांढऱ्या जागा.

पहिली, पोट. डोकं, गळा आणि छाती निळी, आणि छातीच्या खाली तो निळा एकदम कापल्यासारखा संपतो आणि पांढरं पोट सुरू होतं. हळूहळू फिकट होत जात नाही, रेघ मारल्यासारखी हद्द असते. समोरून बसलेला असेल तर एवढंच पुरेसं आहे.

दुसरी, मान. मागच्या बाजूला, जिथे निळं डोकं संपतं आणि हिरवी पाठ सुरू होते, बरोब्बर त्या सांध्यावर पांढरी चंद्रकोर. नावातली मान हीच. समोरून ती दिसत नाही आणि पक्षी अंग फुगवून बसला तर बाजूनेही कमी दिसते, त्यामुळे "मानेवर पांढरं नव्हतं" एवढ्यावरून रद्द करू नका, तो फिरेपर्यंत थांबा. फीडरवर पितो तेव्हा पाठ तुमच्याकडे येतेच कधीतरी.

तिसरी, शेपटी, आणि ही सगळ्यात भारी. मिटलेली असताना वरून बघितलं तर शेपटीचा मधला भाग हिरवा वाटतो कारण पाठीकडची लांब हिरवी पिसं तिच्यावर येऊन झाकतात, पांढरं फक्त दोन्ही बाजूंना डोकावतं. पण एकदा का त्याने ती उघडली, दुसऱ्याला हुसकवताना किंवा हवेत थांबून किडे पकडताना, की अख्खी पांढरीशुभ्र, फक्त टोकांना बारीक काळी किनार. दूरवर शेंड्यापाशी काहीतरी पांढरं भसकन उघडलं आणि मिटलं असं दिसलं तर तिथे बायनॉक्युलर लावा.

टोबॅगोचे जेकोबिन त्रिनिदादच्यापेक्षा थोडे मोठे असतात, ती वेगळी उपजात धरतात, फ्लॅबेलिफेरा. ओळखण्याच्या खुणा त्याच.

स्टेप ५: मादी

मादी बघितली की नवीन माणूस म्हणतो हा वेगळाच पक्षी आहे. वरून हिरवी, मानेवर पांढरी चंद्रकोर नाही, शेपटी पांढरी नाही तर हिरवी, टोकाकडे काळपट-निळी आणि बाहेरच्या पिसांना पांढरी टोकं. म्हणजे स्टेप ४ मधल्या दोन खुणा गेल्या. राहिलं काय, तर पांढरं पोट. तेवढ्यावर मात्र ओळखू नका, पांढऱ्या पोटाच्या हिरव्या माद्या अर्धा डझन जातींत आहेत.

मादीसाठी गळा बघायचा. जवळून, निवांत, बायनॉक्युलर टेकवून. गळ्यावरचं आणि छातीवरचं एकेक पीस मधे काळपट हिरवट-निळं आणि कडेने पांढरं, त्यामुळे सगळा गळा मासळीच्या खवल्यांसारखा दिसतो. काही माद्यांत ही नक्षी अगदी ठसठशीत असते, काहींत धूसर, राखाडी. मग नजर एकदम खाली न्या, शेपटीच्या बुडाशी, खालच्या बाजूला. तिथेही तीच नक्षी, गडद पिसं पांढऱ्या कडांची. गळा खवल्यांचा, मधे पोट स्वच्छ पांढरं, शेपटीखाली परत खवले. हे तिन्ही एका पक्ष्यात जुळलं की मादी जेकोबिन, मग पाठीचा हिरवा कुठल्याही शेडचा असो.

फीडरच्या दांडीवर बसलेली मादी खालून बघायला मिळाली तर सोनं. व्हरांड्यात खुर्चीवर बसून बघण्यापेक्षा पायऱ्या उतरून फीडरच्या खाली उभं राहिलं तर हा अँगल मिळतो, लोक उगाच वरच्या रांगेत गर्दी करतात.

स्टेप ६: "नर" लिहायच्या आधी थांबा

आता मघाशी म्हणालो ते. जेकोबिनच्या वयात आलेल्या माद्यांपैकी साधारण २० टक्के माद्या हुबेहूब नरासारख्या दिसतात. निळं डोकं, पांढरी मान, पांढरी शेपटी, सगळं. पनामात गांबोआला यावर बरीच वर्षं काम झालं. जे फाल्क नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो जेकोबिन पकडून, तपासून, परत सोडले, आणि २०२१ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अजून गंमत अशी निघाली की पिल्लं मोठी होताना जवळजवळ सगळीच, नर असो की मादी, नरासारखेच कपडे घालतात, बहुतेक माद्या पुढे वयात आल्यावर हिरव्या-खवल्यांच्या होतात आणि काही होतच नाहीत, तशाच निळ्या राहतात. पक्ष्यांत सहसा उलटं असतं, पिल्लं आईसारखी साधी दिसतात, त्यामुळे हे वाचून मला तरी जाम आश्चर्य वाटलं होतं.

कारण काय, तर त्रास कमी होतो. त्यांनी फीडरवर पेंढा भरलेले पक्षी ठेवून बघितलं तर साध्या मादीवर जास्त हल्ले, जास्त पाठलाग, आणि जोडी जमवायला येणारे नरही साध्या मादीलाच पसंत करत होते, म्हणजे निळ्या कपड्यांचा उपयोग नवरा मिळवायला नाही, शांतपणे जेवायला आहे. पक्ष्यांच्या अंगावर छोटे टॅग लावून फीडरवरच्या भेटी मोजल्या तर निळ्या माद्या साध्या माद्यांपेक्षा जास्त वेळा येत होत्या आणि जास्त वेळ पीत होत्या. ज्याला आपण गर्दीतला धक्का म्हणतो तो बाईमाणसाला जास्त बसतो, हे पाखरांतही आहे म्हणायचं.

तुमच्यासाठी याचा अर्थ साधा आहे. निळा-पांढरा जेकोबिन दिसला तर जात शंभर टक्के पक्की, लिंग नाही. वहीत "नर" न लिहिता "नरासारखा" लिहा. गालाच्या खाली, चोचीच्या बुडापासून मागे जाणारा तांबूस पट्टा दिसला तर तो कोवळा पक्षी आहे, मग तर नर-मादी ठरवायच्या भानगडीत पडूच नका. गाइड छातीठोकपणे "मेल, मेल" म्हणत असेल तर म्हणू दे, बिचाऱ्याला दिवसातून शंभरदा सांगावं लागतं.

स्टेप ७: वागणं बघा

वागण्यावरून एकट्याने जात ठरत नाही पण स्टेप ४ आणि ५ ला जोड मिळते. रुफस-टेल्ड हमिंगबर्ड एखादं झुडूप आपलं म्हणून धरतो आणि दिवसभर राखण करतो, जेकोबिन तसा सातबारा घेऊन बसत नाही, जिथे फुलं आहेत तिथे जातो, आणि शेंड्यावर एका मोठ्या फुललेल्या झाडावर पाच-सहा एकत्र दिसू शकतात. याचा अर्थ शांत आहे असा नाही, फीडरवर आपसात भांडाभांडी जोरात चालते, शेपटी पंख्यासारखी उघडून एकमेकांवर जातात.

किडे पकडणं हे दुसरं. नदीवर किंवा झाडांमधल्या मोकळ्या जागेत हवेत तरंगत राहायचं, शेपटी उघडायची-मिटायची, पटकन इकडे, पटकन तिकडे, असं बराच वेळ चालतं. लोकांना वाटतं हमिंगबर्ड फक्त मध पितो, पण प्रोटीन मधातून येत नाही, त्याला किडे लागतातच, आणि पिल्लांना तर लागतातच लागतात.

घरटं दिसलं तर नशीब. मादी एकटीच करते, तेही एखाद्या छोट्या पामच्या पानाच्या वरच्या बाजूला, आणि त्याच्यावर दुसरं पान छपरासारखं येईल अशी जागा बघून. सोबेरानियात अशाच एका घरट्यातलं पिल्लू अभ्यासकांनी पाहिलं, अंगावर लांब तपकिरी लव, अगदी विषारी केसाळ सुरवंटासारखी, आणि एक गांधीलमाशी जवळ आली तर ते डोकं गदागदा डाव्या-उजव्या बाजूला हलवायला लागलं, तिकडचे काही सुरवंट करतात तसं. माशी निघून गेली. २०२५ साली हे प्रसिद्ध झालं, एकाच पिल्लाचं निरीक्षण आहे त्यामुळे नक्कल आहेच असं ठामपणे कुणी म्हणत नाही, पण फोटो बघितला तर सुरवंटच वाटतो. घरट्याजवळ मात्र जाऊ नका, फ्लॅश तर अजिबात नको, लांबून दोन फोटो आणि पुढे चला.

स्टेप ८: कुणाशी गोंधळ होतो

सगळी लिस्ट देत नाही, जे खरंच फसवतात तेवढेच.

मध्य अमेरिकेत पर्पल-क्राउन्ड फेअरी. पांढरं पोट, शेपटीच्या बाहेरच्या पिसांत भरपूर पांढरा, तोही वरच्या मजल्यावरचा, खालून बघितला की जेकोबिनच वाटतो. पण फेअरीचा गळाही पांढरा असतो, हनुवटीपासून शेपटीपर्यंत सगळी खालची बाजू एकसारखी पांढरी, आणि डोळ्यापाशी काळा पट्टा. जेकोबिनचा गळा कधीच स्वच्छ पांढरा नसतो, निळा तरी असतो नाहीतर खवल्यांचा.

त्रिनिदादमध्ये व्हाइट-चेस्टेड एमराल्डचंही तसंच, गळ्यापासून पांढरा, शेपटी तांबूस-तपकिरी झाक असलेली, साइजने लहान. ब्लॅक-थ्रोटेड मँगोच्या मादीला पांढऱ्या पोटावर मधोमध काळी उभी पट्टी असते, ती एकदा डोळ्यात बसली की परत गोंधळ होत नाही.

टोबॅगोत व्हाइट-टेल्ड सेबरविंग आहे. शेपटीत पांढरा बघून लोक उड्या मारतात. पण त्याचं पोट हिरवं असतं, पांढरं नाही, आणि पांढरा फक्त शेपटीच्या बाहेरच्या पिसांत. तो दिसला तर उलट जास्त खूश व्हा, १९६३ च्या फ्लोरा चक्रीवादळात टोबॅगोचं जंगल उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथून तो संपलाच असं वाटलं होतं, नंतर परत सापडला. मेन रिज फॉरेस्ट रिझर्व्हमध्ये बघायचा, ते जंगल १७७६ सालापासून कायद्याने राखीव आहे.

पूर्व ब्राझीलच्या किनारी जंगलात गेलात तर ब्लॅक जेकोबिन भेटेल, हा सख्खा भाऊ, शेपटी तशीच पांढरी पण अंग काळं. दोघंच आहेत या प्रजातीत (जीनसमध्ये), फ्लोरिसुगात.

आणि फीडरवर एक पिवळ्या पोटाचा, डोळ्यावर पांढरी भुवई असलेला, दांडीला लटकून पिणारा छोटा पक्षी येतो, तो हमिंगबर्ड नाहीच, बननाक्विट आहे. याला बघून आपल्याला घरच्या शिंजिराची आठवण येते ते मात्र खरं.

स्टेप ९: नोंद

जागेवरच लिहा, संध्याकाळी रूमवर गेल्यावर सगळं मिसळतं. या क्रमाने लिहिलं तर काही सुटत नाही: पांढरा कुठे कुठे होता, गळा कसा होता, शेपटी उघडलेली बघितली का, चोच सरळ की वाकडी, शेजारच्या पक्ष्यापेक्षा मोठा की लहान, फीडरवर की फुलावर की हवेत. रंग सगळ्यात शेवटी, तोही ऊन कुठून होतं ते लिहून. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, टाकायचं असेल तर फोटो कितीही हलला असला तरी जोडा, पण तीन अँगल मिळवायचा प्रयत्न करा, समोरून छाती-पोटाची हद्द, मागून मान, आणि खालून शेपटी. मादी असेल तर गळ्याचा क्लोज-अप पाहिजेच, त्याशिवाय तपासणारा माणूस हमखास प्रश्न विचारतो. वय-लिंगाच्या रकान्यात निळ्या-पांढऱ्या पक्ष्यासाठी काही भरायचं नाही, रिकामं सोडा.

लॉजवाले कधी फीडर भरायला देतात, हौस असेल तर प्रमाण एक भाग साखर चार भाग पाणी, साधी पांढरी साखर. गूळ नाही, मध नाही, लाल रंग तर अजिबात नाही. उष्ण हवेत ते लवकर आंबतं, त्यामुळे रोज धुवून भरायचं. आणि हात लगेच धुवा, मुंग्या लागतात.